बाईंविरुद्ध तक्रार

— नाही नाही, बसा साहेब, बाई आत शिकवतायत, त्यांना कशाला उठवता? त्यांच्याबद्दलच विचारायचंय ना, मग मला विचारा, पालक कमिटीनं मलाच पुढं केलंय. अंगठेबहाद्दर आहे मी, पण बोलतो नीट. तर लिहा — बाई वाईट. फार वाईट. म्हणजे कशा? आता बघा, शाळा सुटली तरी पोरांना सोडत नाहीत — पोरंही उठत नाहीत, तो भाग वेगळा. भिंतीवर पाढे रंगवलेत, सरकारी भिंत साहेब! रंग आम्हीच आणून दिला, पण रंगवलं कुणी? त्यांनीच. आणि घरातली शांतता गेली हो. माझी नात — तिची आई गेली तेव्हापासून तोंड उघडत नव्हती, मानेनंच हो-नाही करायची — आता जेवताना गोष्ट सांगते, मधेच थांबते अन् विचारते, आजोबा, पुढं काय झालं असेल? मला काय ठाऊक? घास हातात तसाच राहतो. हा त्रास नाही? लिहा की. पेन का खाली ठेवलंत?

चांगल्या आहेत म्हणता? छे छे! चांगल्या आधीच्या बाई होत्या. त्यांच्या वेळी आम्ही सगळे आईबाप, आजे-आज्या मिळून तुमच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात ठाण मांडलं, गळकं छप्पर बदलून घेतलं, संडासांना दारं बसवली — मी सुतार, बिजागऱ्या माझ्या हातच्या — आणि मग आमचा अध्यक्ष, शिंपी तो, म्हणाला, बाईंचा सत्कार करू. केला. तुमचे मोठे साहेब बोलावले. ते खूश झाले, इतके खूश, की एवढी गुणी बाई इथं कशाला म्हणून उचलून ऑफिसात नेली! आता त्या मास्तरांना शिकवतात, पोरांना कसं शिकवायचं ते. आणि इथं या बाई येईपर्यंत वर्गाला कुलूप. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या साहेब, हात लाल होईस्तोवर. तेव्हाच ठरलं, ऑफिसच्या कानावर चांगला शब्द म्हणून जाऊ द्यायचा नाही, प्रत्येकानं तक्रारच —

हे बोलायला नको होतं मी.

काय म्हणालात? तक्रारी फार आल्या म्हणूनच तुम्ही आलात? बाईंची बदली करायला? अरे देवा. म्हणजे चांगली म्हटलं तरी नेणार, वाईट म्हटलं तरी नेणार — मग ठेवता तरी कुणाला हो तुम्ही?

थांबा. खोडा ते सगळं. असं लिहा — बाई ठीकठाक. हां, ठीकठाक, बस्स. नाव घ्यावं असं काही नाही, नावं ठेवावी असंही नाही. करा सही. आता उठा साहेब, बाई दाराशी आल्यात, निघा — आणि जाताना त्यांच्याकडं असं कौतुकानं बघू नका!