नवनीतभाईंच्या गालातला तुकडा

नाही हो, कसलं टेस्टिंग आणि कसलं काय... माणूस येतो आणि म्हणतो, माझा गाल दाबा आणि सांगा, हा धातू बंदुकीला चालेल का! गाल! तुम्हाला सांगतो, शहाद्यात माझं अ‍ॅल्युमिनियम ओतायचं वर्कशॉप, पंपाची झाकणं ओततो, मशीनची चाकं ओततो, पण गाल दाबून धातू ओळखायचं काम बापजन्मात केलं नव्हतं!

तर हे नवनीतभाई, ब्राह्मणपुरीचे, केळीवाले. घरात वडिलांच्या वेळची परवान्याची बंदूक, रानडुकरं हाकलायला. नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा झिजला, तर यांनी कुठूनतरी भंगार वितळवून अ‍ॅल्युमिनियमचा ओतून घेतला! बार काढला... तुकडा फुटला... उजवा डोळा गेला. आता तिथं काचेचा. आणि एक बारकी कपची अजून गालाच्या कातडीखाली.

"हात लाई दखा, प्रेमचंदभाऊ. माल कच्चा व्हता का? तुम्ही पक्का ओती द्या."

मी बोट लावलं... ती सरकली हो! आतल्या आत! आणि तो काचेचा डोळा माझ्याकडं बघतोय... न लवता...

म्हटलं, भाऊ, ओतलेलं अ‍ॅल्युमिनियम न सांगता तुटतं!

"पन इमान अ‍ॅल्युमिनियमनंच ऱ्हास ना?"

अहो, विमानाच्या पत्र्यामागं बार उडतो का? शेवटी मीच ओतलेलं एक झाकण करवतीनं कापून दाखवलं. वरून चकचकीत, आत सुईनं टोचल्यासारखी भोकं, ओतताना वायू अडकतो त्याची. मग शिकंज्यात धरून हातोडा घातला. पोलाद असतं तर आधी वाकलं असतं, माणसाला बाजूला व्हायला वेळ दिला असता. हे? टक्! तुम्हाला सांगतो, न सांगता तुटतं!

नवनीतभाईंनी तो तुकडा उचलला, गालाला लावला, डोळा मिटला. एकच मिटला... दुसरा उघडाच! "हाई तेच शे," म्हणाले. शांतपणे!

मागून त्यांची बायको रंजनाबाई रडकुंडीला. "भाऊ, एक डोया तं गया, दुसरा तरी ऱ्हाऊ द्या!"

म्हटलं, बंदूक सोडा ना मग! तर नवनीतभाई म्हणे, तो रोज येतो. कोण? डुक्कर. त्या दिवशीचा, डोळा गेला तेव्हाचा. चला, दाखवतो!

तिघंही गेलो त्यांच्या केळीत. काय दुर्बुद्धी सुचली! दिवस मावळत होता, केळीचं एक पान हलत नव्हतं. बांधावर काही नाही. चिटपाखरू नाही.

"दखाय ना?"

म्हटलं, नाही.

नवनीतभाईंनी तळहातानं चांगला डोळा झाकला. "आते माले दखास. तठे उभा शे. आपलाकडेच दखी ऱ्हायना."

काचेच्या डोळ्यानं दिसतो म्हणे! रंजनाबाई खाली मातीकडं बघत राहिल्या. आणि मी... हसू नका... मीही एक डोळा झाकून पाहिलं! काही नव्हतं. पण मागं वळायची हिंमत होईना!

तर हा भला माणूस माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "भाऊ, जो शेच नही, त्याले माराले अ‍ॅल्युमिनियम चालस ना?"

आता सांगा! 

म्हटलं, चालतं. दिली ओतून! अख्खी बंदूक अ‍ॅल्युमिनियमची, नळी भरीव, भोक ठेवलंच नाही. न सांगता तुटेल, पण उडणार काय कप्पाळ? खरी बंदूक रंजनाबाईंनी ठाण्यात जमा केली, मला हात जोडले. नवनीतभाई रोज बांधावर उभे राहून तोंडानं 'ठो' म्हणतात, घरी येऊन पोटभर जेवतात. मीही म्हटलं, सुटलो!

परवा वर्कशॉपवर आले. खूश! "लागनी भाऊ, गोयी लागनी! मरना नही पन. लंगडत पयना."

म्हटलं, कुठं पळाला?

नवनीतभाईंनी चांगला डोळा झाकला, माझ्या खांद्यावरून मागं, भट्टीकडं बघितलं... आणि दबकत दोन पावलं मागं सरकले.

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, भट्टी मी रस्त्यावर मांडलीय. पोरं विचारतात, शेठ, आत का नाही? म्हटलं, आत जागा नाही.