घट्ट हाताचे मोजे

...आणि वर मलाच विचारतात, "एक मोजा बाळाचा आणि दुसरा बाळाच्या बापाचा का?" आणि हे विचारतंय कोण, तर माझाच मुलगा! ज्याचे स्वेटर विणता विणता माझ्या बोटांना घट्टे पडले, आणि ज्याने त्यातला एक तरी हरवल्याशिवाय एकही हिवाळा काढला नाही, तो! तुम्हाला सांगते, टाके दोन्ही मोज्यांना सारखेच. सुया त्याच. लोकर एकाच गुंड्याची, लोण्यासारखी पिवळी... त्या एका रंगासाठी मी दुकानदाराला अर्धं दुकान खाली उतरवायला लावलं होतं. तरी एक मोजा निघाला अंगठ्याएवढा, आणि दुसऱ्यात मांजराचं पिल्लू झोपेल! जादू आहे का ही? जादूबिदू काही नाही, हात आहे. विणणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. माणूस चिडलं की हात घट्ट होतो, टाका आवळला जातो. खुशीत असलं की हात सैल. पण माझ्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही, कारण मी काही रागीट नाही.

पहिला मोजा कुठे विणला ते ऐका. मी बसडेपोत गाड्या धुते. जेवणाच्या सुट्टीत धुतलेल्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसायचं, पाय वर घ्यायचे आणि विणायचं. काय शांतता असते हो! तर नेमका आमचा मुकादम आला. सगळा डेपो त्याला 'टायर' म्हणतो, कायम फुगलेला असतो म्हणून. दारातून डोकं आत घालून म्हणतो कसा, "मावशी, काचेवर डाग राहिलाय." मी म्हटलं, "आतून की बाहेरून?" म्हणे, "बाहेरून." म्हटलं, "मग आत बसलेल्या माणसाला कसा दिसणार?" म्हणे, "बाहेर या, म्हणजे दिसेल." गेले बाहेर. पाहिलं. कावळ्याने... जाऊ दे, तुमची जेवणं व्हायची असतील. पुसलं आणि परत येऊन सुया हातात घेतल्या. रागावले नव्हते! नुसतं विणता विणता मनातल्या मनात त्याला धुतला, वरपासून खालपर्यंत, ब्रश लावून. मोजा संपला तेव्हा त्यात माझी दोन बोटं जाईनात.

दुसरा मोजा घरी विणला. सूनबाई पाय लांब करून बसली होती, एकदम म्हणाली, "आई, लवकर हात लावा, लवकर!" मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि आतून अशी लाथ बसली तळहातावर... अहो, चांगली सणसणीत! म्हटलं, हे आपल्या घरातलं आहे, शंकाच नको. मग काय, विणत बसले, गुणगुणत बसले, आणि मोजा वाढत बसला.

आता विहीणबाई. सूनबाईची आई. शिवणकाम करते. गळ्यात टेप कायम, झोपतानाही काढत नसावी. आली, दोन्ही मोजे हातात घेतले, टेप लावली आणि म्हणाली, "अगंबाई! बाळ काय एका पायाने आधी मोठं होणार आहे का?" आणि पिशवीतून स्वतः शिवलेले कापडी मोजे काढून माझ्या मोज्यांशेजारी ठेवले. आतून अस्तर, वरून फुलं, टाचेला नाजूक शिवण. छान होते. खोटं कशाला बोलू, फारच छान होते, तिथेच तर माझं डोकं... नाही, रागीट नाही मी. पण एक सांगते. माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या पायात शेजारणीच्या पोराचे उतरलेले मोजे होते. लोकर आणायची ऐपतच नव्हती. तेव्हाच ठरवलं होतं, नातवंडाच्या पायात पहिली वस्तू जाईल ती माझ्या हातची. मग समोर विहीण असो नाहीतर विहिणीचं शिवणयंत्र असो!

मोठा मोजा उसवून नवा विणायला घेणार, तोवर बाळ निघालं घाईत. तारखेच्या कितीतरी आधी! मुलगी. नात झाली मला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे, वजन कमी आहे. उबेत ठेवा, पाय उघडे ठेवू नका." मी वाकून पाहिलं. अहो, ते पाय का काय ते! माझ्या अंगठ्याएवढा अख्खा पाय, आणि त्याला पुन्हा पाचच्या पाच बोटं, नखांसकट! मी जन्मात कुणासमोर रडले नाही. तेव्हाही रडले नाही. चष्म्यावर वाफ आली होती.

विहीणबाईंनी ऐटीत आपले कापडी मोजे घातले. पोरीने पाय हलवला, मोजा खाली. परत घातला, परत खाली. मुलगा धावत जाऊन दुकानातले सगळ्यात लहान मोजे घेऊन आला, त्यातल्या एकातच दोन्ही पाय एकदम मावले. सिस्टर म्हणाली, "आजी, तुमच्याकडे आहे का काही?" मी पर्स उघडली. टायरच्या कृपेचा मोजा काढला. धुऊन ठेवलेला होताच. घातला... आणि बसला! असा बसला, जसा पायाबरोबरच जन्माला आला. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. आणि मी? मी खिडकीबाहेर बघत होते, जसं काही झालंच नाही. मान मात्र खाली येईना.

पण पाय दोन, मोजा एक!

बसले बाहेर बाकावर सुया घेऊन. आणि घ्या, हात चालेना. म्हणजे चालतोय, पण सैल! आत ती पोर, डोळ्यांसमोर तिची ती बोटं, कसला राग आणि कसलं काय. टाके पडतायत मच्छरदाणीसारखे. उसवले, परत घातले. परत सैल. टायरला आठवलं, तर म्हटलं, बिचारा, त्यालाही घरी लेकरं असतील. म्हणजे बघा काय अवस्था झाली होती माझी! शेवटी विहिणीचा हात धरला. म्हटलं, "विहीणबाई, काहीतरी बोला. लागेल असं."

आयुष्यभर जिच्या जिभेला विसावा नाही, ती बाई डोळ्यांना पदर लावून म्हणते, "काय बोलू हो, तुमच्यासारखी विहीण मिळायला भाग्य लागतं."

"आत्ता? आत्ता सुचलं हे तुम्हाला? पोरीचा पाय गारठतोय तिकडे!"

तेव्हा तिला उमगलं. डोळे पुसले, टेप नीट केली, आणि सुरू झाली. "तुमच्या घरातले पडदे एक वर, एक खाली." म्हटलं, एवढ्याने नाही भागायचं. "तुमच्या मुलाला साधं बटण लावता येत नाही. माझ्या लेकीला सासरी येऊन बटणं लावावी लागतात." सुयांनी वेग घेतला. "आणि तुमचं विणकाम! पोतं शिवतात त्याला विणकाम म्हणत नाहीत!"

पोतं!

तुम्हाला सांगते, सुयांतून ठिणग्या उडायच्या बाकी राहिल्या. मी पण सोडते होय? "तुमच्या अस्तराला काय चाटायचंय? पायात राहतं का ते?" ती म्हणे, "निदान दोन्ही सारखे असतात!" आवाज चढले, लोक जमले, मुलगा "आई, आई" करत मध्ये पडायला बघतोय. सिस्टर धावत आली, "शांतता राखा! हे हॉस्पिटल आहे!" मी म्हटलं, "बोलू द्या हो तिला, अजून टाच राहिलीये!"

झाला. सिस्टरने तो आधी धुऊन आणायला लावला, वाळवायला लावला, आणि मगच आत घेतला. घातला. शेजारी शेजारी दोन पाय, लोण्यासारखे पिवळे, टाक्याला टाका जुळलेला. विहिणीने सवयीने टेप काढली, लावली, आणि काही न बोलता परत गळ्यात टाकली. अहो, ती गप्प राहिली! याहून मोठं सर्टिफिकेट मला कुठल्या शाळेने दिलं नसतं. मी तिथल्या झाडूवालीला सांगितलं, लिफ्टवाल्याला सांगितलं, चुकून आमच्या मजल्यावर आलेल्या एका माणसाला पण हाताला धरून नेऊन दाखवलं. अभिमान असा गिळून बसायची वस्तू आहे का?

आता पोरगी घरी आलीये, दूध पितेय, बाळसं धरतेय. मोठे मोजे हवेत, म्हणजे सैल हात हवा. म्हणून घरात ठराव झालाय, आजीला चिडवायचं नाही. आणि विहीणबाई रोज येते, शेजारी बसते, मान वाकडी करून म्हणते, "तुमच्या हातात कला आहे हो, विहीणबाई. आणि स्वभाव तर काय, साखर!"

ती असं गोड बोलायला लागली ना, की माझं टाळकं असं सटकतं म्हणून सांगू... काल संपवलेला मोजा पाहिला, पहिल्यापेक्षाही लहान. पोरगी रोज वाढतेय, मोजे रोज आखडतायत, आणि ही बाई उद्या पुन्हा येते म्हणालीये!