हिरव्या दगडातली पोकळी

सून : हात नका लावू अजून, आई. आत्ताच कापलाय दगड, पाणी निथळू दे. आणि तोंडावरचं फडकं राहू दे, ह्या हिरव्या मॅलाकाइटची भुकटी छातीला वाईट.

सासू : माझ्या छातीत खाणीच्या धुळीने केव्हाच बिऱ्हाड केलंय. सरक, बघू दे.

सून : पट्टे बघा तरी. पोपटी, मग गडद, मग काळ्याकडे झुकलेला, परत पोपटी. एकही तुटलेला नाही.

सासू : पट्टे दिसले. मधलं बोल.

सून : मधे पोकळी आहे. लिंबाएवढी.

सासू : गोटीएवढी म्हण.

सून : तुमचा अंगठा शिरलाय त्यात.

सासू : शिरला तर शिरला.

सून : मी करवत जरा डावीकडून घातली असती तर...

सासू : तर पोकळी उठून शेजारी राहायला गेली असती? खडूची रेघ मी ओढली होती. तू केसभर ढळली नाहीस. तुझ्या सासऱ्यांना जन्मात भिंतीत खिळा सरळ मारता आला नाही.

सून : पण उद्याच्या दगडांच्या प्रदर्शनात काकू येणार. त्यांना तुम्ही सांगून ठेवलंय, आत भरीव आहे म्हणून.

सासू : एकदा नाही, भेटेल तिथे सांगितलंय. खाणीच्या ढिगाऱ्यावरून हा पदरात घालून आणला, तेव्हा माझी ही जाऊबाई म्हणाली होती, धुणं आपटायला आणलास का. आता तिच्याच कपाटात विकतचे तुकडे, साबणाच्या वड्यांसारखे. तेव्हापासून म्हणतेय, माझा उघडेल तेव्हा ये बघायला.

सून : एक सुचवू? रागावू नका. कापताना पडलेली भुकटी आहे. रेझिनमध्ये कालवून भरते, वरून पॉलिश. दुकानदार सर्रास करतात. काकूंना कळायचं नाही.

सासू : तिला कुठलं कळतंय. तिचे निम्मे तसलेच आहेत, चालता चालता पट्टा मधेच मुका होतो. मी तोंडावर सांगितलंय तिला.

सून : म्हणजे नको.

सासू : तुला काय वाटतं ते सांग. माझ्या तोंडाकडे बघून नको सांगू.

सून : मला वाटतं, पट्टे कसे पोकळीला वळसा घालून गेलेत. आणि आतल्या भिंतीवर मखमल धरलीय, बघा. भरली तर ती गेली. पण नाक तुमचं, म्हणून विचारलं.

(सासू दगड खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळते.)

सासू : एवढ्याशा भोकाने कापलं जाणार असेल, तर ते नाक मेणाचंच होतं म्हणायचं.

सून : आणि काकूंनी विचारलंच, भरीव म्हणत होतीस ना?

सासू : म्हणत होते, चुकले, असं सांगेन. दगड काही मला विचारून वाढला नाही. वर सांगेन, काप माझ्या सुनेचा आहे, बोट फिरवून बघ, कुठे अडतं का.

सून : मग कुठलं अर्धं मांडू? ह्याच्यात पोकळी उथळ आहे. मागच्या ओळीत ठेवलं तर फारसं दिसणार नाही.

सासू : खोल आहे ते घे. पुढच्या ओळीत, मधोमध. आणि दिवा असा लाव, की उजेड पार आतपर्यंत जाईल.