काठावरचे सर

अध्यक्षस्थानी बसलेले आपल्या सगळ्यांचे दातांचे डॉक्टर, व्यासपीठावरचे तलावाचे व्यवस्थापक आणि सचिवबाई, पहिल्या रांगेत बसलेली माझी आजी, आणि माझ्या आजोबांकडे पोहायला शिकलेल्या लहान-थोर मंडळींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. त्यातलं पहिलं एका दुरुस्तीसाठी. आपल्या हातातल्या स्मरणिकेच्या चौथ्या पानावर मी लिहिलंय, ‘आजोबा माशासारखे पोहत.’ ही चूक आहे. छापखान्याची नाही, माझी. आजोबांना पोहता येत नव्हतं.

हसताय? मी दोन दिवस धड जेवलेले नाही! माझ्या त्या ओळीच्या भरवशावर या पडद्यामागच्या फलकावर ‘उत्कृष्ट जलतरणपटू’ असं रंगवलंय. डॉक्टरांनी दोरी ओढली की आजोबांच्या नावाखाली ते खोटं कायमचं भिंतीवर बसणार. तेव्हा डॉक्टर, दोरीवरचा हात जरा खाली घ्याल का? आभारी आहे.

परवा मी आजीला स्मरणिका वाचून दाखवत होते. त्या ओळीला ती इतकी हसली की चष्मा मांडीत पडला.

“मासा? अगं, छातीपर्यंत पाणी म्हटलं तरी ह्यांना घाम फुटायचा!”

“मग एकतीस वर्षं काठावर काय केलं त्यांनी?”

“शिकवलं की!”

“आणि तू हे कधी सांगितलं नाहीस?”

“मला कुणी विचारलं?”

झालं होतं असं. आजोबा तलावावर लागले ते पंप चालवायला. पंपाच्या खोलीच्या खिडकीतून सहा वर्षं त्यांनी प्रशिक्षकांचा एकेक शब्द ऐकला. एका उन्हाळ्यात प्रशिक्षक नोकरी सोडून गेले आणि अकरा मुलं काठावर कुडकुडत उभी राहिली. तेव्हाचे व्यवस्थापक म्हणाले, “दोन दिवस तुम्ही सांभाळा हो.” आजोबांनी लांब बांबू उचलला, घसा साफ केला आणि ओरडले, “पाय हलवा!” त्या दोन दिवसांची पुढे एकतीस वर्षं झाली. पाण्यात जीवरक्षक काका कायम असायचे, हे पालकांच्या समाधानासाठी लगेच सांगून टाकते.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणी आजोबांना ओलं झालेलं पाहिलंय? हात वर करा. एकही नाही? काय म्हणालात मागून? बादली सांडली होती तेव्हा? ती धरायची नाही, काका!

डॉक्टरांनी लहानपणी त्यांना विचारलं होतं, “सर, तुम्ही का नाही उतरत?” आजोबा म्हणाले, “मी उतरलो तर तुझ्याकडे कोण बघणार?” डॉक्टर मघाशी मला सांगत होते, की हे वाक्य आठवूनच त्यांनी खोल पाण्यात पहिली उडी मारली. मग हे उत्तर म्हणजे थाप होती का? मला अजून ठरवता आलेलं नाही. पण सातशे माणसं तरंगली, एवढं मात्र खरं.

आणि आज सकाळी जीवरक्षक काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आजीलाही माहीत नाही. आजी, घट्ट बस. निवृत्तीनंतर दर सोमवारी, तलाव सफाईसाठी बंद असायचा तेव्हा, आजोबा उथळ भागात उतरायचे. शिकायला! काका ओरडायचे, “सर, पाय हलवा!” आणि आजोबा कडेचा दांडा धरून चिडायचे, “माझंच वाक्य मला ऐकवतोस?” आठ महिन्यांत त्यांनी पाण्यात तोंड बुडवलं आणि दांडा सोडून चार हात मारले. मग आजारपण आलं आणि शिकणं तिथेच राहिलं. आजी, सोमवारी ते वाचनालयात जातात म्हणून तू डबा द्यायचीस ना? तो डबा काका खायचे.

डॉक्टर, काय म्हणालात? “पेंटर कुठंय?” पेंटरकाका, ते बघा तिसऱ्या रांगेत, हात वर करताहेत. काका, ‘उत्कृष्ट जलतरणपटू’ पुसा आणि फक्त ‘पोहायला शिकवणारे’ एवढंच लिहा. अक्षरं मोठी येतील, तुम्हालाही बरं.

राहता राहिला माझा प्रश्न. मंडळाने पत्र पाठवलंय, की पुढच्या महिन्यापासून सकाळचा वर्ग आजोबांच्या नातीने घ्यावा. मला आजोबांनी घरीच शिकवलं, स्टुलावर पालथं झोपवून. माझे हातपाय निर्दोष चालतात. स्टुलावर मी कितीही लांब जाऊ शकते! पाण्यात मात्र मी कधी उतरलेले नाही, कारण भीती वाटते. मीही बांबू उचलला असता तर कुणाला कळलंही नसतं. म्हणूनच सचिवबाई, सर्वांसमक्ष सांगते, वर्ग मला आत्ता नको. आधी मला सहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत एक जागा द्या.

मंडळाने मला इथे बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आजीने एवढी वर्षं पोटात ठेवलं, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर नात म्हणून सांभाळून घ्या. आणि ज्यांना बघायला यायचंय त्यांनी अवश्य या, फक्त काठावरून ओरडायला कुणीतरी हवं: मी उथळ भागात उतरणार आहे येत्या मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी साडेसहा वाजता.