खांबाला घातलेलं गाऱ्हाणं

मी सातवीत शाळा सोडली, पण यंदा दहावीच्या इतिहासात मीच आहे. खोटं वाटत असेल तर नातीची वही बघा.

सायलीला प्रकल्पासाठी जुन्या माणसाची मुलाखत हवी होती. विषय होता, गावात वीज कशी आली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझं मौखिक साधन. खरं तेच सांगा हां, मार्क आहेत त्याला."

मी सांगितलं, "बाय, पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार व्हायची आणि आम्ही इकडे कंदील पुसत बसायचो. शेवटी खांब आला. लाइट लागली आणि तासाभरात गेली! तेव्हा शेजारचा बबन खांबापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लागला, 'बा महाराजा, गेलेली लाइट परत आण!'"

पोरीने लिहून घेतलं आणि शहाणी थेट बबनला वाचून दाखवायला गेली. बबन धोतर सावरत आला. "अरे लबाडा, गाऱ्हाणं तू घातलंस! माझा नुसता नारळ होता!"

सायली रडकुंडीला आली. "उद्या वही द्यायचीय! आता कुणाचं लिहू?"

"दोघांचं लिही," बबन म्हणाला, "बाईंना कळेल लबाड कोण ते."

बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. खाली लाल शाईने शेरा मारला, 'दोन साधने पडताळली, उत्तम. पैकी आजोबा विश्वसनीय नाहीत.'

आता लाइट गेली की बबन मधल्या दगडी गडग्यावरून ओरडतो, "चला अविश्वसनीय, खांब वाट बघतोय!"

आणि खरं सांगतो, मी जातो.