बूट काढायचे नाहीत

— नही नही, बसा सर, खाटेवर बसा, रिना येईलच आता, नाक्यावर गेलीय. बूट राहू द्या तिथंच, दाराजवळ. केवढे जड आहेत हो — मी उचलून बघितला एक, मला वाटलं आत काही भरलंय. हे घालून चालायचं तिला? नेपाळात? बरं. तुमी सांगितलं ते सगळं ऐकलं मी — आधी गाडी, मग विमान, मग पायी, मग बर्फ, मग दोरानं वर. लई चांगलं सांगता तुमी. आमच्या विसरवाडीतून बाहेरच्या देशातल्या डोंगरावर कोण गेलंय? कोणी नही. रिना पहिली.

अजित जाणार होता खरं तर. माझा थोरला, तिचा मोठा भाऊ. तो हायवेवर पंक्चरच्या दुकानात बसतो ना, तोच. तुमच्या आधीचे सर होते, त्यांनी त्याला हिमाचलला नेलं, शिकायला, आणि तिथल्या डोंगरावर तो सगळ्यांच्या आधी चढला. चढणारच. पण वर गेल्यावर त्यानं बूट काढले — ते तुमाला माहीत असेल — बाकीची पोरं झेंडा धरून फोटो काढत होती आणि हा खाली बसून नाड्या सोडत होता. का म्हणजे? आमच्या गावात डोंगऱ्यादेवाचे दिवस आले की त्याचा बाप माउल्यांच्या, म्हणजे व्रत धरून डोंगरावर जाणाऱ्यांच्या, पुढं असायचा. घरात झोपायचं नही, पायात काही घालायचं नही, अनवाणी डोंगर चढायचा. अजित लहानपणापासून मागंमागं. मग देवाच्या डोक्यावर तो बूट घालून उभा राहील का? खिशात बापानं देवासाठी दिलेले नागलीचे दाणे होते, ते टाकले, पाया पडला. आणि मग बोटं आखडली, हाताची, नाड्या बांधता येईनात. तेवढ्यात झालं. पाय काळे पडले. डाव्या पायाची बोटं सगळी कापली, उजव्याची अर्धी.

अडाणी म्हणाले त्याला. म्हणू द्या.

दवाखान्यात डॉक्टर त्याच्या पायाला सुई टोचत होता आणि विचारत होता, कळतं का. तो म्हणायचा, नही. मी शेजारी बसलेली. सर, तेव्हापासून माझंही तसंच आहे. दगूबाई शेजारीण म्हणते, तुळशीबाई, तू रडत कशी नहीस? काय सांगू तिला. भाकरी थापते, मजुरीला जाते, कोंबड्या कोंडते. हसायला आलं तर हसतेही. आत काही लागत नही एवढंच. रिनाचं नाव तुमच्या यादीत आलं तेव्हा गावानं तिला नाचवत आणलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, खूष ना — मी म्हटलं, खूष. चहा घ्या, निवला वाटतं. दूध नही, कोराच आहे.

तिचा बाप? तो शेतावर. या वर्षी माउल्या निघाल्या तर तो घरात झोपून राहिला, पांघरूण घेऊन. त्यानं रिनाला बसवून सांगितलं, की तिकडचा देव आपल्याला ओळखत नही, तू बूट काढायचे नाहीत. ही म्हणाली, "बाबा, मग आपल्या डोंगरावर तुमी घालून जाल का?" तो उठून बाहेरच गेला. आमच्याकडे बाया पायथ्यापर्यंतच जातात सर, भाकरी घेऊन. वर पुरुष. ती लहान असताना खालून बघायची, भाऊ एवढासा होत जायचा वर. आता ती जाणार वर, आणि देवापुढं बूट घालून उभी राहणार — तिला ते पटतच नही. हट्टी आहे. पण हुशार आहे हो, अजितसारखं नही करणार. त्याला सवय नव्हती थंडीची, हिनं सवय केलीय. रोज बर्फावर उभी राहते —

बर्फ म्हणजे, नाक्यावर मासेवाल्याकडून आणते. त्यासाठीच गेलीय आता. घमेल्यात टाकते, वर अनवाणी उभी राहते, पाय लाल होतात, मग खाली बसून अजितचे जुने बूट चढवायचे, नाड्या बांधायच्या — झटकन. तेवढंच शिकायचं म्हणते. मग मी पाय मांडीवर घेते, मोहाचं तेल चोळते. पहिल्या दिवशी बर्फ मीच आणला होता.

सर, तुमी कप का ठेवला?

तुमाला सांगायचं नव्हतं. ती म्हणाली होती, सरांना कळलं तर मला नेणार नहीत. खरं आहे ना ते? बोलू नका. तुमच्या तोंडावर दिसलं मला. मी तर आज तुमच्या पाया पडणार होते, माझ्या पोरीला सांभाळून न्या म्हणून — सकाळपासून तेच घोकत होते. आणि तोंडातून हे निघालं.

भीती वाटली मला, सर. आता, बोलता बोलता. किती दिवसांनी वाटली.

बूट उचला. दोन्ही उचला, एकही ठेवू नका इथं. पुढच्या वाटेनं नका जाऊ, ती तिकडूनच येते. मागं कोंबड्यांच्या खुराड्याजवळून वाट आहे, थेट हायवेला लागते. तिला फोनवर सांगा काही, वजन कमी भरलं म्हणा, काहीही म्हणा. माझं नाव घेऊ नका.

जा सर. ती आली.