बत्तीस कशाला, सोळा पुरे

मुलगी : बत्तीस नको, बाबा. सोळा जीबी मेमरी पुरे.

बाबा : चार पट्ट्या आणल्यास ना? मग चारही बसव.

मुलगी : तुम्ही फोनवर हट्टच धरलात म्हणून आणल्या. किती जुना कॉम्प्युटर आहे हा. त्याच्या आठ जीबीच्या जागी सोळा घातले, या खेळाला ते भरपूर झाले.

बाबा : जास्त घातली तर बिघडेल का?

मुलगी : बिघडणार नाही, पण उपयोगही नाही. मेमरी म्हणजे ओटा समजा. दोन माणसांच्या स्वयंपाकाला हॉलएवढा ओटा केला, म्हणून जेवण लवकर होत नाही.

बाबा : ओट्याचं मला नको सांगूस. ऐन वेळी अडकतं हे. बाकीचे धावत पुढे जातात आणि मी आपला भिंतीला नाक लावून उभा. असल्या माणसाला संघात कोण ठेवेल?

मुलगी : धाकट्यानं तुम्हाला त्यासाठी काढलं असं वाटतं तुम्हाला?

बाबा : दुसरं काय कारण? खेळातला काळा लांडगा म्हणजे मी, हे त्याला कुठे ठाऊक होतं.

मुलगी : काळा लांडगा. गुडघ्याला पट्टा बांधून खुर्चीत बसणारा.

बाबा : हस. शिकायला वर्ष गेलं माझं.

मुलगी : हसत नाही हो. त्याची स्पर्धा चालू असताना याच कॉम्प्युटरची वायर तुम्ही भिंतीतून उपटलीत. तो घर सोडून गेला. आणि आता तुम्हीच इथे रोज संध्याकाळी बंदूक घेऊन बसता.

बाबा : फोन उचलत नाही, दार उघडत नाही. इथे निदान म्हणायचा, 'लांडग्या, माझ्या मागे ये.' मी जायचो. बरं, तू सुरू कर आता.

(कॉम्प्युटर सुरू होतो. खेळ उघडतो.)

मुलगी : हे बघा. खेळ चालू आहे आणि सोळातले जेमतेम दहा वापरात आहेत. सहा नुसते पडून आहेत.

बाबा : छान पळतंय की. आता त्याचं नाव शोध.

मुलगी : बाबा.

बाबा : गरुड नावानं असतो बघ तो.

मुलगी : ते नाव त्यानं बंद केलं. नवं घेतलंय.

बाबा : तुला कसं कळलं?

मुलगी : फोन आला होता त्याचा.

बाबा : तुझ्याशी बोलतो?

मुलगी : कधीतरी. म्हणाला, बाबांना सांग, तिथे तरी माझ्या मागे येऊ नका.

बाबा : पण ओळखलं कसं? मी माइक एकदासुद्धा लावला नाही. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मुलगी : गोळीबार ऐन भरात आलेला, सगळा संघ छपरावर अडकलेला, आणि लांडगा लिहितो, 'जेवलास का?'

बाबा : राहवलं नाही गं. त्याचा तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. दमलेला वाटला.

मुलगी : चित्र आहे ते, बाबा. ते दमत नाही.

बाबा : हं.

मुलगी : उरलेल्या दोन पट्ट्या परत देते मी दुकानात. चालेल ना?

बाबा : त्यानं उत्तर दिलं होतं, माहितेय?

मुलगी : हे नाही बोलला तो. काय लिहिलं?

बाबा : 'अजून नाही.' एवढंच. मी पुढचं लिहायला घेतलं आणि हे मेलं अडकलं. परत सुरू होईपर्यंत तो निघून गेला होता.

मुलगी : काय लिहीत होतात?

बाबा : काय लिहिणार. जेवून घे म्हणून.